तेवीस पत्रपेट्या

१२ सप्टेंबर, सोमवार

डावा पाय पुन्हा खाली गेला आणि मागचं चाक टाचेवर चढलं. ओरडले नाही. मी रोहरलाखांच्या पत्रपेटीचा खांब धरून एका पायावर उभी, आणि तीनचाकी सायकल हातभर पुढे जाऊन आपली आपण उभी.

ही सातवी पेटी. आधीच्या सहा पेट्यांपाशीही पाय असाच खाली गेला होता, पण तेव्हा वेग नव्हता.

काय होतं ते लिहून ठेवते. पेटी दिसते. बोटं ब्रेक दाबतात. अंग डावीकडे झुकतं. डावा पाय जमिनीवर जातो. यात मी कुठेच नसते. या रस्त्यावर मी एकतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. ते काम सोडून आठ वर्षं झाली, पण पायाला कुणी कळवलेलं नाही.

माझ्या फाटकापासून फेरीबोटीपर्यंत साडेतीन किलोमीटर. तेवीस पेट्या.

माझा शेजारी डडली फित्झनर त्याच्या संत्र्यांच्या रांगांमधून आला. कुंपणापलीकडून त्याने सगळं पाहिलं असणार.

"टाच दाखव."

"काही झालेलं नाही."

"मोजा काढून दाखव."

"डडली, मी सदुसष्ट वर्षांची बाई आहे."

"म्हणून तर म्हणतोय. सतराची होतीस तेव्हा मोजा काढ म्हणायची माझी छाती नव्हती."

टाच काळीनिळी झाली आहे. त्याने बर्फ आणून दिला.

तीनचाकी त्यानेच आणली. कुणाच्या तरी शेतावरच्या लिलावात पडून होती म्हणतो. टायरांवर नव्या रबराचे बारीक केस अजून तसेच आहेत. आधीच्या मालकिणीने ती फारशी वापरलेली दिसत नाही.

१४ सप्टेंबर, बुधवार

डडलीच्या गाडीतून नदीपलीकडे, शुश्रूषागृहात गेलो. बारा वाजता क्लॅरीचं जेवण. भोपळा आणि मटण, दोन्ही कुस्करलेलं. चार चमचे घेतले आणि तोंड मिटलं.

थोरला भाऊ आहे, त्यामुळे जबरदस्ती करता येत नाही. झटका आल्यापासून त्याला बोलता येत नाही, उजवी बाजू गेली आहे. चाळीस वर्षं त्याने आमच्या बेंडवरच्या, म्हणजे नदीच्या वळणावरच्या, प्रत्येक मळ्याला कालव्याचं पाणी सोडलं. आता तो खिडकीबाहेर पार्किंगकडे बघत बसतो.

तिथली नर्स मेरिसेल फिलिपिन्सची आहे. ती त्याला लोलो म्हणते, म्हणजे आजोबा. आज तिने त्याचं वजन केलं. ४८.२ किलो.

"तुम्ही नसता तेव्हा लोलो तोंडच उघडत नाहीत," ती म्हणाली. "मी गाणीसुद्धा म्हणून बघते."

"कुठली?"

"आमच्याकडची. माझा आवाज वाईट आहे, तेही असेल."

चौदा ऑक्टोबरला डॉक्टर येतील. वजन सत्तेचाळीसच्या खाली गेलं तर त्याला शहरातल्या इस्पितळात नेऊन पोटात नळी बसवायची. शहर इथून दोनशे तीस किलोमीटर. नळी बसली की या वयातले लोक परत येत नाहीत, हे डॉक्टर म्हणाले नाहीत. मेरिसेल म्हणाली, नॅपकिनांच्या घड्या घालता घालता.

संत्र्यांची तोडणी चालू आहे, डडलीला दुपारची सवड फक्त बुधवारी आणि रविवारी. रोज नेतो म्हणाला. नको म्हटलं. माणसं झाडावर आणि मालक नदीपलीकडे, अशाने फळ मातीत जातं. मला स्वतःला सहा महिने गाडी चालवायला मनाई आहे. कानातली गाठ काढली तेव्हा डाव्या बाजूचा तोल तिच्याबरोबर गेला. दुचाकी तर कायमची बंद.

जाताना गाडीत रेडिओ ऐकला. क्लॅरीला सांगण्यासारखं काही नव्हतं. तोंड उघड, तोंड उघड, एवढंच म्हणत राहिले.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

वळणाबद्दल.

सायकल आपल्याबरोबर कलते. आपण अंग टाकलं की ती वळते, हँडल नावापुरतं. तीनचाकी कलत नाही. पंपघराच्या वळणावर मी अंग टाकलं आणि ती सरळ गवतात गेली. तिला स्पष्ट सांगावं लागतं, हातांनी. इतकी वर्षं मी हातांनी काहीच सांगत नव्हते, हे आज कळलं.

दुसरं म्हणजे साइडपट्टी. पाणी वाहून जावं म्हणून ती डावीकडे उतरती आहे. सायकलवरून एकतीस वर्षांत हा उतार मला दिसला नव्हता. आता सीटसुद्धा तेवढीच कलते. उजवा कान म्हणतो, पडतेस. डावा काहीच म्हणत नाही. कोणावर विश्वास ठेवायचा? नवव्या पेटीपाशी पाय खाली गेला, अंग डावीकडे गेलं आणि उजवं चाक जमिनीवरून उचललं गेलं. अंग चढाच्या बाजूला टाकायला हवं होतं.

मॅगपायने हेल्मेटवर तीनदा टोच मारली. तोच पक्षी, पंपघराशेजारच्या निलगिरीवरचा, घरट्याच्या दिवसांत सायकलवाल्यांवर झडप घालणारा. तीन चाकं बघून फसेल असं वाटलं होतं. हेल्मेटवर प्लास्टिकच्या पट्ट्यांचे काटे लावले आहेत.

१७ सप्टेंबर, शनिवार

गेले नाही. टाच.

१९ सप्टेंबर, सोमवार

अकराव्या पेटीपाशी स्तामातिया उभी होती. तिची पेटी म्हणजे खांबावर आडवा ठोकलेला दुधाचा कॅन. पाय खाली गेला, पण आज टाच वाचली.

"हे काय चाललंय तुझं?" ती म्हणाली. "प्रत्येक दारात लंगडी घालतेस."

"शिकतेय."

"बघू, मला बसू दे."

ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि आयुष्यात कशावरच बसलेली नाही. ग्रीसमध्ये बापाने सायकलला हात लावू दिला नाही, इथे नवऱ्याने. काळा घागरा गोळा करून ती बसली, बदामाच्या कोपऱ्यापर्यंत गेली, हँडल फिरवून वळली आणि परत आली. फाटकासमोर ब्रेक दाबला. मग हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

मला राग आला. लिहून ठेवते, कारण खरं आहे.

"उतर आता."

"का? खुर्ची बरी आहे."

"थांबल्यावर पाय खाली ठेवायचे असतात."

"कशाला? पडते का ही?"

ती बसल्या बसल्या तिच्या टोमॅटोच्या रोपांविषयी बोलत राहिली. पाय पेडलवर, हात मांडीवर. जणू ओट्यावर बसली आहे.

थांबणं म्हणजे पडायला सुरुवात होणं, असं मी धरून चालले होते. ते सायकलचं खरं होतं. माझंही होतं का, ते माहीत नाही.

२० सप्टेंबर, मंगळवार

अंगणात चाळीस वेळा थांबले. एकतीस वेळा पाय खाली गेला.

"वर्षाला एक," डडली कुंपणावरून म्हणाला.

तो मोजत होता, हे मला माहीत नव्हतं.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

काउन्सिल जागं झालं. पहिल्या पेटीपासून आठव्यापर्यंत साइडपट्टी कुणीतरी सपाट केली आहे. ना फलक, ना नारिंगी शंकू, ना कामगार. रात्रीत करून गेले असावेत. काम थोडं वाकडंतिकडं आहे, पण उतार गेला. आठही पेट्यांपाशी चाकं जमिनीवर राहिली. पाय पाचदाच खाली गेला.

आता प्रश्न असा की सुधारणा माझी की रस्त्याची? ठरवता येत नाही.

डडलीच्या कमरेत उसण भरली आहे. ट्रॅक्टरच्या पात्याला लाल माती चिकटली होती. तोडणीच्या दिवसांत कसली नांगरट काढली आहे कुणास ठाऊक. मी काउन्सिलला आभाराचं पत्र लिहिते म्हटलं.

"नको लिहूस," तो म्हणाला.

"का?"

"आभार मानले की ते लोक बिघडतात."

पत्र लिहिलं. चांगल्या कामाला चांगलं म्हणावं.

२५ सप्टेंबर, रविवार

क्लॅरी ४७.४. पाच चमचे.

२६ सप्टेंबर, सोमवार

साइडपट्टी आता पंपघरापर्यंत सपाट झाली आहे. पहिल्यांदाच फेरीबोटीपर्यंत पोहोचले. धक्क्याच्या उतारावर थांबले. पाय वरच होते, ही चांगली गोष्ट. पण पुढे जाता येईना.

बोटीवरचा बेव्हन भोंग्यातून म्हणाला, "पोस्टमनबाई, येताय की नदीला नुसतं बघायला आलात?"

मी हात हलवून नाही म्हटलं. त्याने वाटेवरचा दांडा टाकला आणि बोट केबलला धरून पलीकडे निघाली. तिच्या मागचं पाणी शांत होईपर्यंत मी बसून राहिले.

भीती नेमकी कशाची, ते बघायचा प्रयत्न केला. पाण्याची नाही, पाण्याकाठी वाढले. बुडण्याचीही नाही. उतारावर सीट पुढे झुकते आणि दोन्ही पायांना एकदम खाली जावंसं वाटतं. दोन्ही खाली गेले की मागची चाकं दोन्ही टाचांवर येणार. म्हणजे मला माझ्या पायांची भीती वाटते. हे कधी झालं नव्हतं.

परत आले. क्लॅरीने आज काही खाल्लं नसणार.

२९ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सातला गेले. गाड्या नव्हत्या. बेव्हन खाली उभा राहिला.

"ब्रेक वरच दाबायला सुरुवात करा, उतारावर आल्यावर नाही," तो म्हणाला. "आणि तिरक्या येऊ नका. सरळ माझ्या पोटाकडे बघून या."

"पोट मोठं आहे तुमचं."

"म्हणूनच सांगतोय. चुकणार नाही."

सरळ गेले. बूड मागे, हात ताठ. लोखंडी फळीवर चाकं खडखडली आणि बोटीवर थांबले. बेव्हनने टाळ्या वाजवल्या नाहीत, याबद्दल त्याची आभारी आहे. पलीकडे गेले आणि त्याच फेरीने परत आले. उतरून ढकलावी लागली नाही.

१ ऑक्टोबर, शनिवार

एक गोष्ट सापडली.

पेटी चुकवून पुढे जायचं ठरवलं की पाय खाली जातो. पेटीपाशी थांबायचंच असं ठरवलं की जात नाही. कारण माहीत नाही. अडवलं की पळतो आणि बोलावलं की बसतो, असा काही प्रकार असेल.

म्हणून आज सगळ्या तेवीस पेट्यांपाशी थांबले. ब्रेक दाबायचा, बसून राहायचं, दहा आकडे मोजायचे, मग निघायचं. पाय एकदाही खाली गेला नाही.

अडचण अशी की थांबलं की लोक बाहेर येतात. टपाल वाटताना मी कुणासमोर इतका वेळ कधी उभी राहिले नव्हते. रोहरलाखांची सून पोटुशी आहे. चौदाव्या पेटीतल्या मधमाश्या अजून आहेत, त्यांनी टपालासाठी शेजारी बादली टांगली आहे. एकोणिसाव्या घरचा म्हातारा म्हणाला की क्लॅरी गेल्यापासून पाणी उशिरा येतं. गेला नाही, पलीकडे आहे, असं मी म्हटलं. तो म्हणाला, तेच ते.

एक तास पन्नास मिनिटं लागली. जेवण गार होत होतं. उशीर का झाला ते क्लॅरीला सांगितलं, पेटीमागून पेटी, घाईघाईने, चमचा हातात धरून. सगळी वाटी संपली. कस्टर्डसुद्धा.

भोपळा आज चांगला शिजला होता. मेरिसेलला विचारलं, स्वयंपाकी बदलला का. नाही म्हणाली, आणि माझ्याकडे जरा विचित्र बघत राहिली.

४ ऑक्टोबर, मंगळवार

रोज गेले, रविवारीही तीनचाकीनेच. रोज वाटी संपली. मांड्या दुखतात.

५ ऑक्टोबर, बुधवार

डडलीचा वार, म्हणून गाडीने गेलो. पायांना विश्रांती. क्लॅरीने तीन चमचे घेतले. आज भोपळा नव्हता, गाजर होतं.

डडली दारात टोपी हातात घेऊन उभा होता. परत येताना बोटीवर तो म्हणाला, "आता माझ्या गाडीत नको बसू."

"का? मी काय केलं?"

"तू काही केलं नाहीस. गाडीतून पेट्या दिसत नाहीत."

"मला काय करायचंय पेट्या बघून?"

त्याने टोपी डोक्यावर ओढली. नदीकडे बघत राहिला. कंबर अजून दुखत असावी. दुखणं असलं की पुरुष असे तोडून बोलतात.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

काउन्सिलचं उत्तर आलं. आमच्या रस्त्यावर असं कुठलंही काम केल्याची त्यांच्याकडे नोंद नाही. स्वतः केलेलं काम त्यांना माहीत नाही! डडलीला पत्र दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि चहा करतो म्हणून आत गेला. बराच वेळ आला नाही.

११ ऑक्टोबर, मंगळवार

पाऊस. पलीकडून परतले, बोट आमच्या काठाला लागली. धक्क्याचा चढ ओला होता. पेडलचा जोर फक्त उजव्या चाकाला जातो. ते चाक जागच्या जागी फिरलं आणि तीनचाकी मागे घसरू लागली. ब्रेक दाबले तरी घसरतच होती. माझे दोन्ही पाय खाली गेले. बेव्हनने मागून बास्केट धरली नसती तर पाण्यात गेले असते.

मनगट मुरगळलं. दोन्ही टाचा सोलल्या.

"ओलं असेल तेव्हा उतरून ढकलायची," बेव्हन म्हणाला. "लाज कसली त्यात?"

लाज नाही. दोन आठवडे मी समजत होते की मला येतं. येत नव्हतं. कोरडं होतं, एवढंच.

१२ ऑक्टोबर, बुधवार

गेले नाही. डडली एकटाच जाऊन आला. क्लॅरीने तोंड उघडलं नाही.

"मी त्याला पिकाचं सांगितलं," डडली म्हणाला. "माझ्या पिकात त्याला रस नाही. कधीच नव्हता."

"मग काय केलंस?"

"बसलो."

परवा डॉक्टर.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

उठून अंगणात गेले. तीनचाकी भिंतीशी होती. बसले. पंधरा मिनिटं नुसती बसले, पाय वर. मग निघाले. उतार कोरडा होता, तरी परतीच्या चढाला उतरून ढकलली. ढकलताना ती जड लागत नाही, हेही आज कळलं.

क्लॅरीने वाटीभर खाल्लं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल संध्याकाळी फोन आला. डॉक्टर लवकर येणार, वजन साडेदहाला. म्हणजे पेट्यांपाशी थांबायला वेळ नाही. वजनाच्या वेळी मला तिथे असायचं होतं. काही करण्यासाठी नाही. त्याला गाडीत घालतील तेव्हा तो कुणाला शोधेल, एवढंच मनात होतं.

उत्तरेचा वारा, समोरून. तेवीस पेट्या न थांबता. पहिल्या तीनपाशी पायाने पेडल सोडलं आणि पुन्हा धरलं. चौथीपाशी मी त्याला मोठ्याने म्हटलं, आज टपाल नाही. रस्त्यावर कुणी नव्हतं. नंतर पेट्या नुसत्या मागे जात राहिल्या. स्तामातियाने हात केला, मीही केला, एका हाताने हँडल धरून. पंपघराच्या वळणावर वळायचं आहे, हे हातांनी सांगितलं आणि अंग चढाकडे टाकलं. अंगाला ते आधीच माहीत होतं. केव्हा शिकलं, माहीत नाही. उतार, बेव्हनचं पोट, बोट, पलीकडचा चढ. तो चढ पेडल मारतच चढले. एकूण चव्वेचाळीस मिनिटं.

क्लॅरीला वजनाच्या खुर्चीत बसवलं होतं. मेरिसेल वाकून आकडा बघत होती. आकडा स्थिर व्हायला वेळ लागला.

४७.८.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. पुढचं वजन महिन्याने. "जे करताय ते चालू ठेवा," ते म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

मी हेल्मेट न काढताच खुर्चीवर बसले.

बारा वाजता जेवण आलं. भोपळा, मटण. मी चमचा पुढे केला. क्लॅरीने दोन घेतले, मग तोंड मिटून माझ्याकडे बघत राहिला. खिडकीकडे नाही, माझ्याकडे.

"आज भोपळा आहे," मी म्हटलं. "तुला आवडतो ना?"

मेरिसेल दुसऱ्या खाटेची चादर बदलत होती. मागे न वळता ती म्हणाली, "भोपळा रोजच असतो हो."

"मागच्या आठवड्यात गाजर होतं."

"गाजर एक दिवस. बाकी सगळे दिवस भोपळाच. लोलो वाट बघतायत."

"कशाची?"

"मला काय माहीत? मी तिथे राहत नाही. रोज सांगता ते सांगा ना."

मी म्हटलं, आज कुठेच थांबले नाही, काही कळलं नाही. क्लॅरीने डोळे मिटले. मग मी त्याला वाऱ्याचं सांगितलं. चौथ्या पेटीपाशी पायाला काय म्हटलं ते सांगितलं. त्याच्या घशातून आवाज आला. हसला असावा. त्याने तोंड उघडलं. अर्धी वाटी संपली. पुढे माझ्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी परतताना उशीर झाला होता, तरी सतराव्या पेटीपाशी थांबले. कुणी बाहेर आलं नाही.

१५ ऑक्टोबर, शनिवार

आज रोजच्यापेक्षा तासभर आधी, नऊला निघाले. वारा पडला होता. सगळ्या पेट्यांपाशी थांबले. पाचव्या घरचा कालव्याचा दरवाजा गंजून अडकला आहे, दोघे जण हातोड्याने ठोकत होते. किती आटे फिरवून मग मागे घ्यायचा, ते क्लॅरीला ठाऊक असेल का, असं त्यांनी विचारलं. डाव्या हाताची बोटं त्याला दाखवता येतात. विचारते म्हटलं.